व्यूहात्मक व्यवस्थापन महापालिकेच्या नस्तीत (फाइलमध्ये) कसे उतरवावे: एका पाणीपुरवठा विभागाच्या उदाहरणाने

व्यवस्थापनशास्त्राची बहुतेक मांडणी खासगी कंपनीला समोर ठेवून झालेली आहे. कंपनीला तोट्यातला धंदा बंद करता येतो, पैसे बुडवणारे गिऱ्हाईक सोडून देता येते आणि आपला बेत प्रतिस्पर्ध्यापासून लपवून ठेवता येतो. महापालिकेला यांपैकी काहीच करता येत नाही. थकबाकीदाराच्या दारासमोरचे गटारही तिला साफ करावेच लागते आणि तिचा बहुतेक प्रत्येक बेत माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर बाहेर येतो. त्यामुळे कंपन्यांसाठी तयार झालेले सिद्धांत सरकारी कचेरीत जसेच्या तसे आणले, की रंगीत तक्त्यांनी भरलेली एक पुस्तिका तयार होते, तिचे प्रकाशन होते आणि पुढच्या आयुक्तांच्या काळात ती कपाटात जाते.

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात स्थानिक संस्थांच्या कनिष्ठ व मध्यम अधिकाऱ्यांचे प्रशिक्षणवर्ग घेताना अशा बऱ्याच पुस्तिका माझ्या पाहण्यात आल्या. त्यांतून माझे मत असे झाले आहे की सार्वजनिक संस्थेत व्यूहरचनेचे काम तीन प्रश्नांत मावते: जे करणे भागच आहे त्यातले आधी काय करायचे, ते कोणाच्या संमतीने करायचे, आणि ते अर्थसंकल्पाच्या कोणत्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या कोणत्या ठरलेल्या शीर्षकाखाली, दिसेल. पहिल्या दोन प्रश्नांना सिद्धांताचा चांगला आधार आहे. हार्वर्डचे मार्क मूर यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या त्रिकोणाचे तीन कोन म्हणजे लोकांच्या दृष्टीने मूल्य काय निर्माण होणार, त्याला अधिकार व पाठिंबा कोण देणार आणि ते पार पाडण्याची क्षमता आपल्याकडे आहे का. तिन्ही कोन जुळल्याशिवाय योजना उभी राहत नाही. तिसरा प्रश्न, म्हणजे लेखाशीर्षाचा, मात्र आपल्या लेखा विभागाकडूनच शिकावा लागतो.

पुढे एका कल्पित विभाग कार्यालयाच्या पाणीपुरवठा शाखेचे उदाहरण घेतले आहे. आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. ठाणे व नवी मुंबई या शहरांबद्दलची माहिती मात्र खरी आहे.

पहिली पायरी: कायद्याचा कागद आणि तिसरा रकाना

बैठकीला बसण्यापूर्वी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची प्रत टेबलावर ठेवावी. कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर कलम ६६ मध्ये ऐच्छिक. पाणीपुरवठा पहिल्या यादीत येतो. शहर बससेवा दुसऱ्या यादीत येते, हे ऐकून वर्गातल्या निम्म्या लोकांना दरवेळी आश्चर्य वाटते, कारण ठाणे स्थानकाबाहेर टीएमटीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ती सेवा ऐच्छिक आहे असे सांगून पाहण्याचे धाडस कोणी केलेले नसते. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयही सोबत पाहावेत.

कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात बंधनकारक कामे, दुसऱ्यात ऐच्छिक कामे. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा: जे काम लोकांना आपले वाटते, पण ज्याचा अधिकार दुसऱ्याकडे आहे. नवी मुंबईत हा रकाना लांबलचक होतो. हे शहर वसवणारी सिडको १९७० पासूनची, महापालिका १९९२ पासूनची, आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंचे मालक वेगळे असू शकतात. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक कामासमोर त्या संस्थेतले पद आणि आपला तिच्याशी शेवटचा पत्रव्यवहार कोणत्या तारखेचा, हे लिहावे. तारीख सापडली नाही, तर त्या विषयावर आपली व्यूहरचना अजून सुरूच झालेली नाही असे समजावे.

दुसरी पायरी: साधन आपले आहे की उसने?

संस्थेची ताकद तिच्या स्वतःच्या, इतरांना सहज न मिळणाऱ्या साधनांत असते, असे एक विचारधारा सांगते. व्यवस्थापनतज्ज्ञ जे बार्नी यांचा १९९१ मधील लेख तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. दुसरी विचारधारा, जी फेफर आणि सॅलन्सिक यांनी १९७८ मध्ये मांडली, म्हणते की संस्थेचे वागणे ती कोणावर अवलंबून आहे यावरून ठरते. पुस्तकात या दोन्ही वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. आपल्याकडे त्या ठाणे खाडीच्या दोन बाजूंना पाहायला मिळतात.

नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे धरण आहे. खालापूर तालुक्यातील धावरी नदीवरचे मोरबे धरण दररोज ४५ कोटी लिटर पाणी देण्याच्या क्षमतेचे आहे, आणि शहराच्या काही भागांना एमआयडीसीचे पाणी मिळत असले तरी मुख्य आधार हा स्वतःचा आहे. ठाण्याचे पाणी चार वाटांनी येते: महापालिकेची भातसा नदीवरची स्वतःची योजना, स्टेम ही पाणी वितरण कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. एखाद्या स्रोताने देखभालीसाठी शटडाऊन जाहीर केला की ठाण्यात कोणत्या भागात पाणी येणार नाही, हे ठरवणारे टेबल दुसऱ्याच कचेरीत असते.

म्हणून ‘चोवीस तास पाणी’ हे एकच उद्दिष्ट दोन्ही शहरांनी लिहिले, तरी त्याखालचे काम वेगळे निघायला हवे. नवी मुंबईच्या अधिकाऱ्याने धरणातले पाणी वितरणात किती वाया जाते, प्रक्रिया केलेले सांडपाणी उद्योगांना देऊन पिण्याचे किती वाचवता येते, यावर भर द्यावा. ठाण्याच्या अधिकाऱ्याने आधी करार, कोटा, शटडाऊनची पूर्वसूचना आणि साठवण टाक्यांची क्षमता यांच्याकडे पाहावे, कारण त्याचा धोका जलवाहिनीइतकाच पत्रव्यवहारात आहे. शेजारच्या शहराचा आराखडा उतरवून काढण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ही पायरी प्रामाणिकपणे केली, तर ती सवय इथेच सुटते.

तिसरी पायरी: हितसंबंधितांची यादी, आणि तिच्यातली एक खोट

ज्यांचा विषयाशी संबंध आहे त्या सर्वांची ‘ताकद किती’ आणि ‘रस किती’ या दोन अक्षांवर मांडणी करण्याची पद्धत सर्वत्र शिकवली जाते. आपल्या उदाहरणात आयुक्त, नगरसेवक, आमदार, मुख्य लेखाधिकारी, कामगार संघटना, गृहनिर्माण संस्थांचे महासंघ, टँकरमालक, बांधकाम व्यावसायिक, चाळीतले रहिवासी असे सगळे या चौकटीत बसतात. ताकद आणि रस दोन्ही जास्त असलेल्यांना जवळ ठेवा, दोन्ही कमी असलेल्यांकडे फार लक्ष देऊ नका, असा या पद्धतीचा सल्ला आहे.

सार्वजनिक संस्थेत हा सल्ला चुकीचा ठरतो. ठाण्याच्या दिवा भागात जलवाहिनीच्या शेवटच्या टोकावर राहणाऱ्या कुटुंबाकडे ताकद नसते, आणि पहाटे पाण्याची वाट पाहून कामावर जाणाऱ्या बाईला बैठकीला यायला सवड नसल्यामुळे तिचा रसही कागदावर कमी दिसतो. मात्र मूर यांच्या पहिल्या कोनात, म्हणजे लोकांच्या मूल्यात, तीच मध्यभागी आहे. म्हणून तक्त्यात ‘हक्क’ हा तिसरा रकाना जोडावा आणि ज्यांची ताकद कमी पण हक्क पूर्ण आहे, अशांची नावे वेगळ्या रंगात लिहावीत. नवी मुंबईत प्रकल्पग्रस्त गावठाणांची नोंद इथेच होते. जमीन देऊनही तिच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला, त्यांच्या मनात सरकारी आराखड्याबद्दल आधीपासून एक हिशेब असतो, आणि तो माहीत नसलेला अधिकारी पहिल्याच जाहीर सभेत अडचणीत येतो.

अधिकार देणाऱ्या बाजूबद्दल एक गोष्ट. नवी मुंबईत मे २०२० नंतर आणि ठाण्यात मार्च २०२२ नंतर बराच काळ निवडून आलेले सभागृह नव्हते. प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात निर्णय लवकर झाले असे काही अधिकारी सांगतात. तथापि सभागृहाची चर्चा न झालेल्या निर्णयामागे पाठिंबाही तितकाच पातळ असतो, आणि नवे सभागृह आले की तो पुन्हा नव्याने मिळवावा लागतो. अशा जुन्या निर्णयांची यादी करून ठेवणे शहाणपणाचे.

चौथी पायरी: स्वॉटचा तक्ता मोडून त्यातून प्रश्न काढणे

बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचा तक्ता भरणे सोपे असते, म्हणूनच तो निरुपयोगी होतो. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक तक्त्यात ‘अनुभवी कर्मचारी’ हे बलस्थान आणि ‘अपुरे मनुष्यबळ’ ही उणीव शेजारी शेजारी बसलेली होती. ‘निधीची कमतरता’ तर छापूनच येते की काय, अशी शंका यावी.

यावर दोन नियम ठेवावेत. पहिला: ज्या वाक्याखाली आकडा, नस्ती क्रमांक किंवा तारीख देता येत नाही, ते वाक्य तक्त्यातून काढावे. दुसरा: उरलेल्या वाक्यांतून असा प्रश्न तयार करावा, ज्यावर आपली शाखा स्वतः काहीतरी करू शकते. जॉन ब्रायसन यांनी १९८८ मध्ये सार्वजनिक व ना-नफा संस्थांसाठी नियोजनाची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे: ज्या मुद्द्यावर संस्थेला काहीच करता येत नाही, त्याला ती व्यूहात्मक प्रश्न मानतच नाही.

उदाहरणार्थ, पहिल्या फेरीत शाखेने लिहिले: ‘पाण्याची टंचाई, गळती जास्त.’ दोन्ही नियम लावून त्याचे काय होते ते पाहू. समजा, विभागाला रोज २ कोटी लिटर पाणी मिळते आणि देयके १ कोटी ३० लाख लिटरची निघतात. म्हणजे ७० लाख लिटर, अर्थात ३५ टक्के पाणी हिशेबाबाहेर आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये ठरवलेल्या सेवा मानकांत हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत चालते. तिथवर यायचे तर रोज ३० लाख लिटर वाचवावे लागतील, आणि ते दहा हजार लिटरच्या ३०० टँकरांइतके होतात. आता प्रश्न असा लिहिता येतो: ‘येत्या दोन वर्षांत हिशेबाबाहेरचे पाणी ३५ वरून २० टक्क्यांवर आणण्यासाठी गळती, बंद मीटर आणि अनधिकृत जोडण्या यांपैकी कोणत्या कारणावर आधी हात घालावा?’ टंचाईचा शब्दही न येता टंचाईचा प्रश्न मांडला गेला, आणि नवे धरण मागण्याची गरजही तूर्त राहिली नाही.

पाचवी पायरी: पर्यायांतून क्रम

मायकेल पोर्टर यांचे स्पर्धेचे सिद्धांत या कामात फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण पाण्याच्या नळाला प्रतिस्पर्धी नाही. टँकर हा आहे असे म्हणता येईल, पण तो आपल्याच उणिवेवर जगतो. इथे उपयोगी पडतो तो निव्वळ क्रम. गळती शोधायला यंत्र लागते, मीटर बदलायला निधी लागतो आणि अनधिकृत जोडणी तोडायला पोलीस बंदोबस्त व राजकीय संमती लागते. तिन्ही कारणांसमोर ‘मूल्य’, ‘संमती’, ‘क्षमता’ असे तीन रकाने भरले की बहुधा गळती पहिली, मीटर दुसरे आणि जोडण्या तिसऱ्या येतात. मात्र जे तिसरे आले ते का मागे ठेवले, याचे कारण दोन ओळींत लिहून त्यावर सही घ्यावी. पुढे लेखापरीक्षणात तो कागद कामी येतो.

सहावी पायरी: मोजायचे काय, आणि मोजमापाने काय बिघडते

कॅप्लन आणि नॉर्टन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या, संस्थेची कामगिरी मोजण्याच्या संतुलित गुणपत्रिकेत (बॅलन्स्ड स्कोअरकार्ड) वित्त, ग्राहक, अंतर्गत प्रक्रिया आणि शिकणे अशा चार बाजू आहेत. खासगी कंपनीत वित्त सर्वांत वर असते. सार्वजनिक संस्थेत हा क्रम उलटा करावा: सर्वांत वर नागरिकाला मिळालेली सेवा, त्याखाली प्रक्रिया, त्याखाली कर्मचाऱ्यांची क्षमता आणि पायाला पैसा. अमेरिकेतील शार्लट शहराने १९९० च्या दशकात ही गुणपत्रिका नगर प्रशासनासाठी वापरली होती.

निर्देशक पाचाहून अधिक ठेवू नयेत. वर सांगितलेल्या २००८ च्या मानकांतून ते उचलता येतात, म्हणजे वाद कमी होतो: दरडोई रोज १३५ लिटर, हिशेबाबाहेरचे पाणी २० टक्के, तक्रार निवारण ८० टक्के, देयक वसुली ९० टक्के. यांपैकी तक्रार निवारणावर विशेष नजर हवी. एका ठिकाणी मी ॲपवर नोंदवलेली जलवाहिनी फुटल्याची तक्रार चाळीस मिनिटांत ‘निकाली’ निघाली. शेरा होता: ‘संबंधित विभागाकडे पाठविले.’ पाणी तीन दिवस वाहत होते. आकडा हेच उद्दिष्ट झाले की आकडा बिघडतो, हे अर्थशास्त्रज्ञ गुडहार्ट यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवले आहे. म्हणून ‘निकाली’ची व्याख्या लिहितानाच तक्रारदाराचे उत्तर किंवा दुरुस्तीनंतरचे छायाचित्र सक्तीचे करावे, आणि महिन्यातून दहा निकाली तक्रारींना कनिष्ठ अभियंत्याने स्वतः दूरध्वनी करावा.

सातवी पायरी: लेखाशीर्ष

इथे बहुतेक आराखडे थांबतात, आणि म्हणून ही पायरी सावकाश करावी. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, पण त्याचा निकाल आदल्या हिवाळ्यात लागतो, जेव्हा लेखा विभाग सर्व खात्यांकडून मागण्या मागवतो. व्यूहरचनेची बैठक फेब्रुवारीत घेतली तर ती पुढच्या वर्षासाठी नव्हे, त्याच्याही पुढच्या वर्षासाठी असते. त्यामुळे पहिल्या पाच पायऱ्या दिवाळीपूर्वी संपवाव्यात.

प्रत्येक कामासमोर चार गोष्टी लिहाव्यात: लेखाशीर्ष कोणते, खर्च महसुली की भांडवली, तांत्रिक मंजुरी व प्रशासकीय मान्यता कोणाची, आणि निविदेला किती दिवस लागतील. महसुली की भांडवली हा भेद किरकोळ वाटतो, तरी गळतीच्या कामाचा जीव त्यातच अडकलेला असतो. नवी जलवाहिनी भांडवली असते, तिला केंद्राच्या किंवा राज्याच्या योजनेतून अनुदान मिळू शकते, तिचे भूमिपूजन होते. जुनी जलवाहिनी दुरुस्त करणे महसुली खर्चात जाते, तो स्वतःच्या उत्पन्नातून भागवावा लागतो, आणि गळतीच्या जागी कोणी नारळ फोडत नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर जकात आणि स्थानिक संस्था कर संपले आणि महापालिका मोठ्या प्रमाणात राज्याच्या भरपाई अनुदानावर आल्या, तेव्हापासून स्वतःच्या उत्पन्नाचा प्रत्येक रुपया अधिक मोलाचा झाला आहे.

यावर एक व्यवहारी उपाय आहे. दुरुस्तीची मागणी करताना शेजारी तिच्यातून वाचणाऱ्या पाण्याचे मूल्य आणि टळणारा टँकरखर्च हे दोन आकडे ठेवावेत. मुख्य लेखाधिकाऱ्यासमोर ‘गळती दुरुस्ती, वाढीव तरतूद’ अशी मागणी गेली तर ती एकदशांशाने कापली जाते. ‘रोज ३० लाख लिटर, म्हणजे ३०० टँकर’ अशी गेली तर निदान चर्चा होते.

आठवी पायरी: चावी कोणाच्या हातात आहे

घोडबंदर रस्त्यालगतच्या एका भागात मी एकदा पहाटे पाच वाजता व्हॉल्व्हमनबरोबर फिरलो. हातात टी आकाराची, कमरेइतकी उंच लोखंडी चावी, पायांत प्लास्टिकच्या चपला. त्याने चेंबरचे झाकण पहारीने उचलले, चावी बसवली, ओठांतल्या ओठांत मोजत साडेअकरा फेरे दिले आणि थांबला. पूर्ण का सोडत नाही, असे विचारल्यावर म्हणाला, “पूर्ण सोडली ना साहेब, तर खालच्या चाळीत फवारे उडतात आणि वरच्या सोसायटीच्या टाकीत थेंब चढत नाही.” मग खिशातून दुमडलेली वही काढून त्याने तारीख, वेळ आणि फेरे लिहिले. त्या विभागाच्या आराखड्यात दाबाचे नियोजन या विषयावर अकरा पाने होती. त्या वहीचा उल्लेख एकाही पानावर नव्हता.

मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की सरकारी धोरण प्रत्यक्षात खिडकीवरचा कारकून, शिक्षक, पोलीस शिपाई हेच घडवतात. हेन्री मिंट्झबर्ग यांच्या मते संस्थेची खरी व्यूहरचना काही अंशी आखलेली असते आणि काही अंशी रोजच्या कामातून आपोआप आकार घेते. दोन्ही गोष्टी त्या वहीत होत्या. म्हणून आराखडा वरून खाली नेण्याआधी एकदा खालून वर आणावा: प्रत्येक व्हॉल्व्हमनची वही आठवडाभर मागून घेऊन वेळ, फेरे आणि तक्रारी यांचा तक्ता करावा, आणि कोणत्या चेंबरवर अधिकृत वेळापत्रकापेक्षा वेगळे वेळापत्रक चालते ते पाहावे. जिथे फरक आहे तिथे आधी कारण विचारावे, कारणे दाखवा नोटीस नंतर.

मासिक आढावा तासाभराचा असावा आणि त्यात नवी कामे घेऊ नयेत. पाच निर्देशक, पहिल्या पायरीच्या तिसऱ्या रकान्यातल्या संस्थांशी झालेला पत्रव्यवहार आणि मागे ठेवलेली कामे, एवढेच. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात, म्हणून कार्यभार देताना नव्या अभियंत्याकडे चार कागद सही घेऊन सोपवावेत: तीन रकान्यांची यादी, क्रमाचा कागद, लेखाशीर्षांचा तक्ता आणि व्हॉल्व्हमनच्या वह्यांची प्रत. शेवटच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याने एका पहाटे त्या चेंबरपाशी जाऊन फेरे मोजावेत.